खोकला कुणाचा

बोनफांते वस्ती, १२ जुलै

ग्रासिएले,

तुझा बाप गेला. चार तारखेला, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमाराला. पाच तारखेला माती दिली. काल सातव्या दिवसाची प्रार्थनाही झाली. तुला कळवलं नाही. तुझा भाऊ कळवतो म्हणत होता, मी एदिमारच्या हातातून फोन काढून घेतला.

फोनवर का सांगितलं नाही म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलतेस. लहानपणापासूनची खोड आहे. कागदाच्या मध्ये बोलता येत नाही.

आता ऐक. तू बारा जूनला आलीस, दोन वर्षांनी. नाक लाल, हातात रुमाल. जेवताना मक्याच्या पोलेंताच्या परातीवर शिंकलीस आणि वर हसलीस. तुझा बाप जेनोइर म्हणाला, "शहरातलं मीठ पडलं, चव येईल." तो तुझ्या प्रत्येक गोष्टीला हसायचा. तेराला त्याला घेऊन शेडमध्ये गेलीस, तुमच्या प्रयोगशाळेसाठी डुकरांच्या नाकात कापूस लावलेल्या काड्या घातल्यास, नळ्या भरल्यास. चौदाला वस्तीच्या जत्रेत शेकोटीभोवती नाचलीस. सोळाला गेलीस. अठराला, बुधवारी, डुकरं खोकायला लागली.

वीस तारखेला तुझ्या बापाला ताप. डुकरं सोडून दवाखान्यात जाईना. सव्वीसला एदिमारनं उचलूनच गाडीत घातलं, तेव्हा ओठ निळे झाले होते. डॉक्टर तरुण होता, तुझ्याच वयाचा. म्हणाला, "हा फ्लू आहे, पण डुकरांमधून आलेला." मी विचारलं, "आणि डुकरांना कुणी दिला?" तो म्हणाला, "बहुतेक माणसानंच. त्या दिवसांत शेडमध्ये शिंकणारं, खोकणारं कुणी गेलं होतं का?"

मी म्हटलं, "गेलं होतं. माझी मुलगी. तुमच्यासारखीच शिकलेली आहे."

काल प्रार्थना संपल्यावर चर्चच्या पायरीवर मी हे सगळ्यांना सांगितलं. फार बोलावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी तू ओदेते आणि ईवो या नवरा-बायकोच्या डुकरांच्या खोकल्याचं प्रयोगशाळेकडून लिहून दिलंस, कंपनीनं त्यांना वाढवायला पिल्लं देणं बंद केलं, आणि ईवो आता साठाव्या वर्षी कत्तलखान्यात दुसऱ्यांची डुकरं आकड्याला लावतो, हे इथं कुणी विसरलेलं नाही. ओदेते चर्चच्या गाणाऱ्या मंडळात माझ्या शेजारीच उभी राहून गाते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "सालेते, आमची शेड खाल्ली तिनं, आता तुझा नवरा." मी तिला गप्प केलं नाही.

आई-बापाचे पांग चांगले फेडलेस.

आता एक काम कर. सरकारी माणसं आली होती. डुकरांच्या नाकातलं घेऊन गेली, आमचं सगळ्यांचं रक्त नेलं. तुझ्या बापाच्या नाकातला नमुना तुमच्याच प्रयोगशाळेत गेलाय असं डॉक्टर म्हणाला. तुझ्या तेरा तारखेच्या नळ्या तर तुझ्याकडेच आहेत. तुझं पोट याच कामावर चालतं ना? मग तपास. कुणाकडून कुणाकडे गेला ते शोध आणि तुझ्या हातानं कागदावर लिहून पाठव. खाली सही कर. मला तो कागद चर्चमध्ये वाचून दाखवायचाय.

सालेते


बोनफांते वस्ती, ३ ऑगस्ट

ग्रासिएले,

तुझं नऊ पानांचं पत्र मिळालं. त्यातली अडीच पानं रडण्याची. ती मी पुन्हा वाचली नाहीत.

तू वीस जुलैला येऊन गेलीस ते मला माहीत आहे. एदिमारनं तुला स्टँडवरून सरळ दफनभूमीत नेलं आणि तिथून परत स्टँडवर सोडलं. तसंच कर म्हणून मीच सांगितलं होतं. मी ओदेतेच्या स्वयंपाकघरात माते, आपला कडू चहा, पीत बसले होते, तिथून दफनभूमीचं फाटक दिसतं. आपला जुलै म्हणजे ऐन हिवाळा, तरी तू हातमोजे काढलेस आणि गवतावरचं दंव हातानं पुसत बसलीस. ओदेते म्हणाली, "बोलावू का आत? गारठेल पोर." मी म्हटलं, "तिच्या अंगात बरीच रग आहे." तिनं चहाची नळी माझ्याकडे केली आणि विषय सोडला.

आता तुझ्या पानांबद्दल. तू मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलंयस. फ्लूच्या विषाणूला आत शिरायला आपल्या अंगातली एक साखर धरावी लागते; ती पक्ष्यांच्यात एका तऱ्हेची, माणसाच्या नाकाघशात दुसऱ्या तऱ्हेची, आणि डुकराच्या श्वासनळीत दोन्ही. म्हणून डुकराच्या घरी कुणालाही बिछाना मिळतो. आत शिरला की तो स्वतःच्या नकला काढत सुटतो, आणि त्या घाईत चुका करतो. बहुतेक चुका त्याच्याच जिवावर उठतात. एखादी मात्र नव्या घरात सोयीची पडते, मग तीच टिकते. हे मला कळलं. मी चौथीपर्यंत शिकले असेन, पण सदतीस वर्षं डुकरिणींची निवड केलीय. जी चांगली लागते ती ठेवायची, बाकीच्यांना गाडीत घालायचं. तुझा विषाणू माझ्याहून काही वेगळं करत नाही.

पुढं लिहितेस, नव्या अंगात नुसतं जगून भागत नाही. तिथून श्वासाबरोबर सुटून, हवेत तरंगत, दुसऱ्याच्या नाकापर्यंत जिवंत पोचता आलं पाहिजे. ते जमलं की कुणाला हात लावायची गरज उरत नाही. हे तू पुस्तकात वाचलंयस. आम्ही पाहिलंय. लांबची शेड बाळंतीण डुकरिणींच्या शेडपासून पंचवीस पावलांवर आहे. तिथं एकटा एदिमार जायचा. आंघोळ करून, वेगळे बूट घालून, वेगळ्या बादल्या घेऊन. दंव पडायचं म्हणून दोन्हीकडचे पडदे खाली सोडलेले, नुसते पंखे चालू. तरी चार दिवसांत तिकडची डुकरं खोकायला लागली. तुझा बाप मधल्या मोकळ्या जागेत उभा राहून म्हणाला, "आपण आपले बूट धुतो, सालेते. वाऱ्याचे कोण धुणार?"

चुका मोजल्या की रस्ता कळतो, असं तुझं म्हणणं. तेही कळलं. पाचवीत तू शेजारच्या मुलीची वही उतरवलीस ती बाईंनी कशी पकडली? तिची चूक जशीच्या तशी तुझ्या वहीत होती, आणि तुझी स्वतःची एक जास्तीची. तसंच ना?

मग इतकं कळत असताना मला उलटे प्रश्न कशाला विचारतेस? "आई, पहिलं डुक्कर नक्की कधी खोकलं?" बुधवारी, अठरा तारखेला. लिहिलंय एकदा. "मी यायच्या आधी घरात कुणाला ताप, खोकला?" कुणालाही नव्हता. "बाळंतिणींच्या शेडमध्ये कोण जात होतं?" तुझा बाप. तो मेला. त्याला विचार.

मला तुझ्याकडून प्रश्न नको आहेत, कागद हवाय.

शेडमध्ये आता मी जाते. डुकरिणी माझ्या आवाजाला उठत नाहीत. त्यांना जेनोइरच्या शिट्टीची सवय. मला शिट्टी वाजवता येत नाही.

सालेते


९ ऑगस्ट

ग्रासिएले,

ओदेते रोज विचारते, कागद आला का. फादरही विचारत होते. तुझ्या बापाला मातीत जाऊन महिना झाला आणि तुमची ती यंत्रं अजून मोजतायत. लवकर पाठव.


बोनफांते वस्ती, ३१ ऑगस्ट

ग्रासिएले,

कागद आला. वर "प्रिय आई" नाही, खाली "तुझी" नाही. सही आहे. मागितलं होतं तसंच दिलंस.

पहिल्या वाचनात मला वाटलं तू खोटं लिहिलंयस. दुसऱ्यांदा वाचलं. तुझ्या तेरा तारखेच्या नळ्यांमध्ये विषाणू आधीच होता, म्हणजे तू येण्यापूर्वी तो आमच्या शेडमध्ये शिरलेला होता. तुझ्या प्रयोगशाळेत कुणाला सर्दी झाली की आधी त्याचंच नाक तपासतात. अकरा तारखेला तुझं तपासलं होतं, त्यात फ्लू नव्हता, साधी सर्दी होती. डुकरांमधला विषाणू माणसाकडूनच आलेला, मे महिन्याच्या शेवटी आमच्या गावाकडच्या माणसांत फिरत होता तोच. डुकरांत त्यानं चार नव्या चुका केल्या. तुझ्या बापाच्या नाकात त्या चारही होत्या. आणि घरातल्यांच्या रक्तापैकी एकाच रक्तात तो मूळ विषाणू अंगातून होऊन गेल्याची खूण सापडली. नाव तू लिहिलं नाहीस. "क्रमांक दोन, स्त्री, वय त्रेसष्ट" असं लिहिलंस. घरात स्त्री मी एकटीच आहे.

बरं. तर मीच सांगते.

एकतीस मेला आमचं गाणारं मंडळ खालच्या गावातल्या चर्चला गेलं होतं. बसच्या काचा बंद, चाळीस बायका-पुरुष, येताजाता गाणी, माते एकाच नळीनं सगळ्यांना. तीन तारखेला माझा घसा गेला. चारला ताप. पाचला सकाळी बाळंतिणींच्या शेडमध्ये एकदम सहा डुकरिणी व्यायला लागल्या. मी आत गेले तर तुझा बाप दारातच आडवा आला.

"सालेते, बाहेर हो. खोकतेयस."

"मग सहा जणींचं कोण करणार?"

"मी आहे. पाटीवर काय लिहिलंय वाच. खोकला असलेल्यानं आत यायचं नाही."

"पाटी वाचून डुकरीण व्यायची थांबते होय? सरक."

"अगं, कंपनीची बाई म्हणाली होती, माणसाचं डुकराला लागतं."

"कंपनीच्या बाईनं कधी पिल्लू ओढलंय का? तुझी बोटं बघ, फावड्यासारखी. मागल्या खेपेला दोन पिल्लं तुझ्याच हातात मेली."

हे त्याच्या वर्मी लागतं, मला ठाऊक होतं. तो बाजूला झाला.

कोपऱ्यातल्या थोराड डुकरिणीला पंधरा झाली. शेवटची तीन लोळागोळा, श्वास नाही. मी एकेकाच्या नाकावरचं बोटानं पुसलं आणि तोंडात तोंड घालून फुंकर मारली, माझी आई मारायची तशी. फुंकायची, खोकायची, पुन्हा फुंकायची. तीनपैकी दोन पिल्लं पाय झाडायला लागली. जेनोइर मागून बघत होता. "जगली गं," म्हणाला. भांडण विसरून आम्ही दोघंही हसलो. एवढंच केलं मी. मेलेली दोन पिल्लं जिवंत केली.

नऊ तारखेला तीच डुकरीण खोकली. तुझ्या बापानं लगेच ओळखलं. मला म्हणाला, "आजपासून तू शेडकडे फिरकायचं नाही. कुणी विचारलं तर पाठ धरलीय म्हणू." माझं कामही तो करायला लागला. खोकणाऱ्या डुकरांत रोज चौदा तास, पडदे बंद, तोंडावर फडकंसुद्धा नाही, कारण फडकं दिसलं असतं तर एदिमारनं विचारलं असतं. अठरा तारीख मी तुला सांगितली ती खोटी.

बाराला तू आलीस. तू आंघोळीला गेलीस तेव्हा तो चुलीपाशी येऊन हळूच म्हणाला, "पोरीला बोलू नकोस. तिला कळलं तर लिहावंच लागेल, ते तिचं कामच आहे. मग ईवोचं झालं ते आपलं होईल." म्हणून तेराला त्यानं तुला लांबच्या शेडमध्ये नेलं. तिथं तोवर कुणी खोकत नव्हतं. तुझ्या नळ्या तो हातात धरून उभा होता, तुझा झेंडा धरल्यासारखा. परत आल्यावर मला म्हणाला, "काय पटापट करते गं! डुकराला कळतही नाही."

आता तू म्हणशील, आई, मग खून कुणी केला? थांब. माझंही एक विचारणं आहे. तेरा जूनला भरलेल्या नळ्या तू उघडल्यास कधी? तुझाच कागद सांगतो: पंचवीस जुलैला. दीड महिना बर्फात. का, तर तुझा नंबर नव्हता, आधी दुसऱ्यांच्या डुकरांची नाकं तपासायची होती. सोळाला जाऊन सतराला उघडल्या असत्यास, तर अठराला तू बापाला फोन केला असतास, "बाबा, आत जाऊ नका." त्यानं माझं ऐकलं नाही, एदिमारचं ऐकलं नाही. तुझं ऐकलं असतं. माझ्या फुंकरीत विषाणू होता हे मला माहीत नव्हतं. तुझ्या बर्फात काय आहे हे तुला बघता येत होतं. हे तू कागदात लिहिलं नाहीस. ती ओळ मी तुझ्यासाठी ठेवते.

आणखी एक. आता लिहायला बसलेच आहे तर तेही लिहिते. तीन जुलैला, तोंडावरची हवेची नळी बाजूला करून त्यानं विचारलं, "ग्रासी निघाली का?" मी म्हटलं, "कळवलंय. यायला जमणार नाही म्हणाली." त्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "कामात असेल." आणि भिंतीकडे वळला. त्यानंतर तो कुणाशी बोलला नाही.

असं का म्हटलं ते मला विचारू नकोस. तू आली असतीस, तुझे ते प्रश्न सुरू झाले असते, आणि त्या खोलीत उत्तर देऊ शकणारा माणूस अजून जिवंत होता.

सालेते


बोनफांते वस्ती, २१ सप्टेंबर

ग्रासिएले,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. एदिमारला फोन करून तू एवढंच विचारलंस म्हणे, "बाबा खरंच 'कामात असेल' म्हणाले का?" तो बिचारा मलाच विचारत आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. मी सांगितलं, तापात माणूस काहीही बोलतो.

इथलं सांगते. सरकारी माणसांनी डुकरं बाहेर नेण्यावरची बंदी उठवली. डुकरं कधीच बरी झालीत. ती आठवड्यात बरी होतात, तुला माहीत आहेच. ज्या दोन पिल्लांना मी जगवलं ती परवा गाडीत चढली, साठ-साठ किलोंची. कंपनीचा माणूस आला होता. म्हणाला, "सालेतेबाई, आजार बाहेरून आलेल्या पाहुणीनं आणला असं वस्तीत सगळे सांगतात. तुमच्या शेडची शिस्त चांगली आहे, आम्ही तुमचं काम चालू ठेवतोय." मी त्याला कॉफी दिली.

आज सकाळी प्रार्थनेनंतर फादरनी मला पुढं बोलावलं. कुणी मागितलं नव्हतं, पण दोन महिने मीच कागद येणार, कागद येणार म्हणून गाजवलं होतं. ओदेतेनं पहिल्या बाकावर जागा धरली होती. ईवो कामाचा दिवस सोडून आला होता. कागद माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला. घडी उघडली. तुझं अक्षर जेनोइरसारखं आहे, उजवीकडे कललेलं. मी कागदाकडे बघितलं आणि म्हटलं, "आलाय. आम्ही समजत होतो तसंच निघालं. तिनं स्वतः सही केलीय."

 मग ओदेते उठली, माझ्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडायला लागली. तिच्यामागून सगळ्या बायका आल्या. ईवो जवळ येऊन म्हणाला, "पोटच्या पोरीविरुद्ध खरं बोलायला छाती लागते, सालेते." त्याचे हात अजून डुकराच्या चरबीनं मऊ आहेत. मी त्याचा हात हातात घेतला.

ओदेतेच्या घरी जेवले. कोंबडीचा रस्सा होता. दोनदा वाढून घेतला. कागद तिथंच तिच्या चुलीत घातला. तिला वाटलं मी दुःखानं जाळतेय, तिनं चुलीवरचं झाकण उचलून धरलं.

मला झोप लागत नसेल असं तुला वाटत असेल. लागते. शेडमध्ये काम इतकं आहे की पाठ टेकली की डोळा लागतो. तुला वाटेल ही बाई दगड आहे. असेन. पण मला इथं राहायचंय, ग्रासिएले. याच चर्चमध्ये, याच बायकांत उभं राहून गायचंय. मी "माझ्याच खोकल्यानं माझा नवरा नेला" असं म्हटलं असतं, तर ओदेतेनं माझा हात सोडला असता. आणि ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली होती, नळी तिनंच मला दिली, हे तिच्याही लक्षात आलं असतं. मग ती कुणाकडे गेली असती? तुझं तसं नाही. तुला इथं कुणी यायला सांगितलेलं नाही. तू आधीच वाईट ठरलेली होतीस. त्यात थोडी भर पडली, एवढंच.

नक्कल तुझ्याकडे असणार. प्रयोगशाळेतही असेल. तू येऊन चर्चच्या पायरीवर वाचून दाखवू शकतेस, फादरना पाठवू शकतेस, कंपनीला पाठवू शकतेस. मी अडवू शकत नाही. पण तू पाठवणार नाहीस. तुझा बाप नऊ जूनपासून सगळं जाणून होता. पंचवीस दिवस. दवाखान्यात डॉक्टरनं तीनदा विचारलं, "घरात आधी कोण खोकत होतं?" तीनदा त्यानं मान हलवली, कुणी नाही. माझ्याकडे बघत. तू त्याच्यावर गेलीयस, सगळे म्हणतात.

दोन नोव्हेंबरला मृतांचा दिवस आहे. सगळी वस्ती दफनभूमीत असेल. येऊ नकोस. एदिमारला मी स्टँडवर पाठवणार नाही.

आई